ही सायकल तुमचीच का?

मामांच्या नातवाची सायकल क्लासच्या दारातून गेली. समोरच्या टपरीवर चौघं चहा पीत होते. कुलूप तोडताना सगळ्यांनी पाहिलं, हललं कोणी नाही. घरच्या ग्रुपवर मामांनी लिहिलं, "आपले लोक नुसते बघे. तुमच्या हॉलंडात चोराला तिथंच धरला असता."

मामा, उत्रेख्तमध्ये माझ्या तीन गेल्या. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. इथल्या स्टेशनाखालच्या तळावरच साडेबारा हजार मावतात. एवढ्या पसाऱ्यात चोर कोण आणि किल्ली हरवलेला मालक कोण, हे ओळखायचं कसं?

गेल्या हिवाळ्यात तो किल्ली हरवलेला मालक मीच होतो. शेजाऱ्याचा ग्राइंडर आणला आणि भर चौकात स्वतःचीच साखळी कापायला बसलो. ठिणग्या उडतायत, आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जातोय. एक जण ठिणग्या चुकवून गेला. दुसरा थांबला, मला वाटलं आता विचारणार, तर त्यानं कुठली कडी कापायला सोपी ते दाखवलं! शेवटी एक आजीबाई सायकलवरून उतरल्या. "ही सायकल तुमचीच का?" मी फोनमधला जुना फोटो दाखवला. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मला राग आला होता. माझ्या जागी सोनेरी केसांचा पोरगा असता तर त्यांनी विचारलं असतं का, हे अजून डोक्यातून गेलेलं नाही. पण त्या दिवशी मी चोर असतो, तर मला घाम फोडणारी ती एकटीच बाई होती.

इथली माणसं कोरडी आहेत असंही नाही. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं, तर दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं दिसलं. मारामारी बघताक्षणी कळते. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत मुलीवर कोयता उगारला गेला, तेव्हा धावून गेलेली पोरंही आपलीच होती. कुलूप तोडणाऱ्याच्या बाबतीत मात्र नक्की काय चाललंय ते कळत नाही, आणि न कळणं सोयीचंही असतं.

आपल्याकडे त्यात साक्षीचा ससेमिरा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालं, पण ते अपघातापुरतं. आणि मामा, "धरला असता" म्हणताना जरा जपून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. तिथं नुसते बघे नव्हते, जमावच मध्ये पडला होता. 'तुम्ही कोण, कुठले' एवढं विचारून उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही.

टॉमस मॉरिआर्टी या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर रेडिओ चोरण्याचं नाटक केलं होतं. त्याचा निबंध १९७५ चा. रेडिओवाल्यानं शेजारच्याला "जरा लक्ष ठेवा" म्हटलेलं असलं, की वीसपैकी एकोणीस जण चोरामागे गेले. तसं न सांगता उठला, तर फक्त चार.

म्हणून ग्रुपवर मामांना एवढंच विचारलं: क्लासमध्ये शिरताना नातू टपरीवर "काका, सायकल बघा हां" म्हणाला होता का? निळ्या खुणा झाल्यात. उत्तर नाही.