ठिणग्या पुरे, आता भट्टी दाखवा

चीनमधल्या 'दा शुहुआ'चे फोटो दर चिनी नववर्षाला फिरायला लागतात. काळीकुट्ट रात्र, उंच भिंत, तिच्यावरून कोसळणाऱ्या सोनेरी ठिणग्या आणि खाली मधोमध एक काळी आकृती. देखणे असतात, वादच नाही, पण मला आता त्यांचा राग यायला लागलाय.

अहो, हे फटाके नव्हेत, वितळलेलं लोखंड आहे! हेबेई प्रांतातल्या न्वानछुआन गावची ही प्रथा, पाचेकशे वर्षं जुनी म्हणतात. तिथली गोष्ट अशी की श्रीमंत लोक सणाला फटाके उडवायचे, लोहारांना ते परवडायचे नाहीत, मग त्यांनी भट्टीतला रसच गावाच्या तटाच्या थंडगार भिंतीवर भिरकावला, आणि मग गावातले लोकही घरातलं मोडकंतोडकं लोखंड त्यासाठी आणून द्यायला लागले. म्हणजे मूळ मामला सगळा परवडण्या-न परवडण्याचा आहे. यातलं काय दिसतं फोटोत?

लाँग एक्स्पोजर लावला, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं, की प्रत्येक ठिणगीची रेघ होते, दोन-चार फेकी एकाच फ्रेममध्ये साठतात, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाच डोळ्यांनी दिसला नाही असा झगमगता पडदा तयार होतो. माणूस हलतो, म्हणून तो पुसला जातो. आणि खरा बघण्यासारखा तर तोच आहे! मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा घातलेला, डोक्यावर गवती टोपी, हातात लाकडी पळी. हो, लाकडी! हजार डिग्रीच्या वर तापलेला रस, आणि पळी लाकडाची, आधी पाण्यात चांगली मुरवून ठेवलेली, म्हणून ती लगेच पेटत नाही. ही पळी पाण्यात ठेवतानाचा फोटो बघितलाय कुणी? मी तरी नाही.

हेनानमधल्या छ्वेशानचा 'दा थिएहुआ' हा याच्याच जातीचा प्रकार, तिथे उघड्या अंगाने दांडक्याने रस वर उडवतात. तो 2008 साली चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. चांगलंच झालं, पण यादीत नाव चढलं म्हणून रस कितपत तापला की उचलायचा, मनगट कधी फिरवायचं, हे थोडंच नोंदलं जातं? ते नोंदवायला भट्टीपाशी दिवसभर बसणारा कुणीतरी पाहिजे, कॅमेरा घेऊन नाहीतर सरळ स्केचबुक घेऊन. माझं मत स्केचबुकला, कारण चित्रकाराला ठिणग्या सोडून नुसता त्या माणसाचा हात चितारता येतो.

फोटोग्राफर मंडळी चिडतील, चिडू देत. फास्ट शटरवर काढलेला, त्या माणसाचा चेहरा दिसणारा एखादा फोटो असेल तर खाली टाका, मी आनंदाने शेअर करेन.