थरथर म्हणजे क्रॉस नव्हे

सांगली-मिरजेकडं द्राक्षाचे क्रेट नि हळदीची पोती वाहणाऱ्या पिकअपवाल्यांत मोबाइलवरून एक सल्ला फिरत असतो: "जुनी गाडी साठच्या वेगाला थरथरली की क्रॉस गेला. दोन्ही क्रॉस बदला. राहिलं तर चाकं बॅलन्स करा. शाफ्ट कसाही चढवला तरी चालतो. जादा पाट्याचा थरथरीशी संबंध नाही." पाच वाक्यं, आणि त्यातलं चाकांचं तेवढं अर्धं खरं. (शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं ताकद नेणारा फिरता दांडा, क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा अधिक चिन्हासारखा सांधा, पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची पट्टी.)

"थरथरली की क्रॉस गेला." पाना हातात घेण्याआधी थरथर कशाबरोबर बदलते ते बघा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ती ज्या वेगाला येते तो वेग धरा आणि त्याच वेगाला पाचव्याऐवजी चौथा गिअर टाका. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागं: शाफ्ट, हौसिंग (मागच्या चाकांमधलं गिअरचं घर), नाहीतर चाकं. बदलली तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे द्या; तेव्हाही आली तर इंजिन माउंटिंग (इंजिनाचे रबरी टेकू) किंवा क्लच. मग पुन्हा त्या वेगाला क्लच दाबून गाडी घरंगळू द्या. थरथर टिकली तर तोल गेलेलं काहीतरी फिरतंय. लगेच गेली तर शाफ्टचा कोन, माउंटिंग किंवा पिनियनचं (शाफ्ट ज्याला फिरवतो त्या हौसिंगमधल्या लहान गिअरचं) बेअरिंग तपासा. हा प्रयोग खंबाटकीच्या उतारावर करू नका.

"दोन्ही क्रॉस बदला." आधी तपासा तरी. चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला घ्या, शाफ्ट हातानं पिळून आणि वर-खाली ढकलून बघा. क्रॉस आणि योकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यात) डोळ्यांना दिसेल एवढा खेळ असेल किंवा क्रॉसच्या टोकावरच्या कपाजवळ तांबडी भुकटी असेल तर बदलाच. नव्या क्रॉसला ग्रीस मारताना ते चारही कपांतून बाहेर यायला हवं. एक कप कोरडा राहिला तर तिथल्या सुया (बेअरिंगच्या बारीक सळ्या) आधी झिजणार.

"राहिलं तर चाकं." क्रमच उलटा आहे. चाकांचं काम स्वस्त, म्हणून ते पहिलं. 215/75 आर 15 टायरचा एक फेरा सुमारे 2.2 मीटर. म्हणजे ताशी 60 किमीला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं, आणि हौसिंगचं गुणोत्तर 4 च्या आसपास असेल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) तर शाफ्ट तीस. म्हणून चाकाचा दोष हिसक्यांसारखा जाणवतो, शाफ्टचा पायाखाली गुणगुणतो. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, सीट हलली तर मागची. मशिनवर शून्य आलेलं चाकसुद्धा रिम वाकली असेल किंवा रिमोल्डचा (जुन्या टायरवर चढवलेल्या नव्या रबराचा) थर उंचसखल बसला असेल तर उडतंच.

"शाफ्ट कसाही चढवला तरी चालतो." सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला एकसारखा फिरवत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं ओढतो, दोनदा मागं. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही ओढाताण पुसून टाकतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी जोड) एका दातानं चुकली तरी थरथर राहू शकते, मग क्रॉस कितीही नवे घाला. उतरवण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायच्या चकतीवर) आणि स्प्लाइनवर रंगाची रेघ मारा. दोन तुकड्यांच्या शाफ्टला कंपनीच्या बाणखुणा जुळवा. शाफ्टवर वाळलेला चिखल, पोचा, तोलासाठी लावलेली वजनाची पट्टी निघून गेल्याची चौकोनी खूण, हेही बघा. पट्टी गेली असेल तर होज क्लिपनं तोल शोधता येतो: शाफ्टच्या मागच्या टोकाशी परिघावर चार खुणा करा, क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर घट्ट आवळून त्याच रस्त्यावर त्याच वेगानं चालवा. जिथं थरथर सगळ्यात कमी, तिथं दुसरी क्लिप जोडा. वाढली तर दोन्ही स्क्रू त्या खुणेपासून सारखेच दोन बाजूंना थोडे थोडे सरकवा. क्लिप कुठं घासत नाही ना, हे हातानं शाफ्ट फिरवून बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

"जादा पाट्याचा संबंध नाही." पाटा वाढला की गाडी मागून उठते आणि शाफ्टचा कोन वाढतो. रिकाम्या गाडीला थरथर आणि माल भरला की शांत, असं असेल तर आधी इथंच बघा. मोबाइलच्या कोनमापकानं किंवा साध्या अँगल गेजनं गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज मोजा. एका तुकड्याच्या शाफ्टला दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांच्या 1 अंशाच्या आत हवेत आणि प्रत्येकी 3 अंशांच्या आत असले तर उत्तम. अगदी शून्यही नको; सुया जागच्या जागी खड्डे पाडतात. माल भरून पहिल्या गिअरला सुटतानाच धडधड होते का? मग सेंटर बेअरिंगचं (दोन तुकड्यांचा शाफ्ट मधे धरणाऱ्या बेअरिंगचं) रबर फाटलंय का बघा.

कोन चुकला असेल तर पाटा आणि हौसिंगच्या बैठकीमध्ये स्टीलची पाचर बसवतात. तिच्या जाडीएवढा जास्त लांब सेंटर बोल्ट (पाटे मधे एकत्र धरणारा) घ्या, नाहीतर त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पुरतं बसत नाही आणि हौसिंग सरकतं. यू-बोल्ट (पाटा हौसिंगला बांधणारे) माल भरून शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा.