स्तनपुनर्रचनेविषयीचे चार दावे आणि त्यांतले तथ्य

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांनी ‘नवा स्तन’ करून घेण्याच्या भानगडीत पडू नये, अशा अर्थाचा एक संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा तिसऱ्यांदा आला. पुनर्रचनेमुळे परतलेला आजार झाकला जातो, सिलिकॉनमुळे पुन्हा कॅन्सर होतो, पहिल्याच शस्त्रक्रियेत हे केले नाही तर पुढे करता येत नाही, आणि हा शोभेचा खर्च असल्याने विमा मिळत नाही, असे चार दावे त्यात आहेत. माझ्या वहिनींनी ही पुनर्रचना करून घेतली तेव्हा सोबतीला मी होते, आणि त्याआधी त्यांनी ज्या शंकांपायी दोन वर्षे घालवली त्या नेमक्या याच होत्या.

आजार झाकला जाण्याची भीती शंभर वर्षांहून जुनी आहे. स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धत रूढ करणारे अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांचा जखमेवर प्लास्टिक सर्जरी करण्याला कडवा विरोध होता. प्रत्यक्षात त्या जागी आजार परतला तर तो बहुतेक वेळा त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली, म्हणजे हाताला लागेल अशा ठिकाणी असतो. खोलवरची शंका आलीच तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येतो. पुनर्रचना केलेल्या आणि न केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत पुनर्रचनेमुळे आजार परतण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही.

सिलिकॉनच्या दाव्यात सत्याचा एक कण आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. इम्प्लांटभोवती, म्हणजे छातीत बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशवीभोवती, शरीर जे आवरण तयार करते त्यात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय साधनांच्या नियामक संस्थेने त्याबद्दल २०११ मध्ये सावध केले आणि जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीला तिचे खरखरीत पृष्ठभागाचे ‘बायोसेल’ इम्प्लांट परत घ्यायला लावले. परंतु हा स्तनाचा कॅन्सर नव्हे; तो मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी जोडलेला आहे, काही वर्षांनी अचानक आलेली सूज हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे, आणि वेळेत सापडल्यास आवरणासह इम्प्लांट काढल्याने तो बहुधा बरा होतो. म्हणून इम्प्लांटचा प्रकार लिहिलेले कार्ड जपून ठेवावे, एवढे सांगणे रास्त ठरले असते.

शिवाय पुनर्रचना म्हणजे सिलिकॉनच, हे गृहीतच चुकीचे आहे. पाठीचा स्नायू पुढे वळवून आणण्याची पद्धत इटलीच्या तान्सिनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वर्णिली होती. पोटाची त्वचा आणि चरबी स्नायूसह वर आणण्याची पद्धत १९८२ मध्ये हार्ट्राम्फ यांनी मांडली. पुढे स्नायू जागेवरच ठेवून केवळ रक्तवाहिन्यांसह चरबी उचलणारा ‘डीप फ्लॅप’ आला. वहिनींचा हाच झाला. त्या रात्री परिचारिका दर तासाला येई, शाईने केलेल्या खुणेवर डॉपलरची पेनासारखी कांडी टेकवी, आणि त्यातून रक्त वाहण्याचा फस्‌-फस्‌ आवाज आला की बोटाने त्वचा दाबून रंग किती वेळात परततो ते पाही. तो आवाज थांबला तर पुन्हा ऑपरेशन थिएटर, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते, त्यामुळे झोप कोणालाच नव्हती.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हा दावा तर सरळ खोटा आहे. पुनर्रचना कित्येक वर्षांनीही करता येते. उलट, रेडिएशन व्हायचे असेल तर अनेक सर्जन मुद्दाम थांबतात, कारण रेडिएशननंतर इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याची शक्यता वाढते आणि अशा ताठ झालेल्या त्वचेखाली पोटाची मऊ चरबी अधिक चांगली टिकते.

विम्याबद्दल फार लिहायला नको. आयआरडीएआय या भारतातील विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळल्या आहेत खऱ्या, पण अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद त्याच वाक्यात आहे. पॉलिसीची मर्यादा आणि प्रतीक्षाकाळ अर्थातच लागू राहतात.

संदेश लिहिणाऱ्याला सावधच करायचे होते तर खरी कारणे हाताशी होती. नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना सहसा येत नाही, स्तनाग्रासाठी वेगळी शस्त्रक्रिया किंवा गोंदण लागते, धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम चिघळते, आणि एका शस्त्रक्रियेत काम संपेलच असे नाही. हे सगळे ऐकून पुनर्रचना नको म्हणणाऱ्या स्त्रियाही असतात. वहिनींच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तेच ठरवले होते आणि ब्लाउजच्या आत सुती पॅडसाठी खिसा शिवून घेतला होता; मात्र काखेजवळ कातडीची घडी न राहता छाती सपाट शिवली जावी, ही मागणी त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच सर्जनना सांगून ठेवली होती.