डोकी सहाच आहेत हो!

सकाळी साडेआठला माझी प्लंबिंगची सहा माणसं वाघोलीच्या साइटवर गेटबाहेर उभी, वर सातव्या मजल्यावर सीपीव्हीसीचे पाइप तसेच पडलेत, आणि तो सेफ्टीवाला माझ्या कामगार विम्याच्या पॉलिसीवर बोट ठेवून मला विचारतो, स्किल्ड चार लिहिलेत, पाच कसे सोडू? अहो चार स्किल्ड न् दोन हेल्पर सहा, पाच न् एक पण सहाच, डोकी मोजा ना! तर म्हणे कॅटेगरी मॅच होत नाही. झालं काय, यानं एकेकाला विचारलं तू काय करतोस, आणि आमचा एक बहाद्दर, परवापर्यंत पाना हातात द्यायचा तो, छाती काढून म्हणतो "मी प्लंबर". अरे गाढवा, बिलात प्लंबर, गेटवर हेल्पर, एवढं कळत नाही?

आणि सेफ्टी म्हणे! आत जिन्याला कठडा नाही अजून.

एजंट फोन उचलेना. विकताना दिवसातून चारदा "दादा, दादा". साडेदहाला मेसेज, एंडॉर्समेंट (म्हणजे पॉलिसीत दुरुस्ती) टाकतो, दोन दिवस लागतील. पैसे घ्यायला दोन सेकंद, वर 18 टक्के जीएसटी. तुंबलेला डब्ल्यूसी मी दहा मिनिटांत मोकळा करतो, पण ही डब्ल्यूसी, म्हणजे वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी, कुठल्या स्प्रिंगनं मोकळी करायची?

मागच्या वर्षी ग्राइंडरनं पोराचं बोट फाटलं तेव्हाही हेच. कायद्यानं दवाखान्याचा खर्च माझ्या गळ्यात, आणि पॉलिसीत तो हवा तर वेगळे पैसे, "मेडिकल एक्स्टेन्शन घेतलं नव्हतं ना सर". टाक्यांपासून ड्रेसिंगपर्यंत सगळं मी भरलं. कायद्यानं भरपाई बिल्डरकडूनही मागता येते म्हणून त्याला कागद चोख पाहिजे, पण माझं बिलातून कापून ठेवलेलं 5 टक्के रिटेन्शन दीड वर्ष दाबून बसलाय तेव्हा कुठलीच कॅटेगरी आडवी येत नाही.

बरं, फॉर्म मीच भरलेला. पगार कमी तर प्रीमियम कमी, म्हणून बहाद्दराला हेल्परमध्ये मीच टाकला. वाचले असतील हजारभर रुपये, आणि आजची सगळ्यांची हजेरी बसल्या जागी गेली साडेपाच हजार. हिशेबात मी पहिल्यापासून कच्चाच.

शेवटी सगळ्यांना घेऊन अमृततुल्यवर बसलो. चहा अर्धा झाला तसा बहाद्दर हळूच म्हणतो, "शेठ, कागदावर प्लंबर होणार म्हणजे या हप्त्यापासून हजेरी पण प्लंबरचीच ना?"