गल्लीतला रस्ता कायम उखडलेला कसा ठेवाल?

गल्लीतला रस्ता चांगला असणं ही डोकेदुखी आहे. पोरं गाड्या सुसाट पळवतात, परक्या वॉर्डाच्या रिक्षा आत घुसतात आणि निवडणुकीत मागायला काही उरत नाही. तेव्हा मृग लागायच्या आत कामाला लागा.

आधी कामांचा क्रम लावून घ्या. पहिलं डांबरीकरण, नारळ, फोटो. डांबराचा वास जायच्या आत जलवाहिनी, तिच्यामागून ड्रेनेज, शेवटी केबलवाले. हे उलटं करा म्हणणारा एखादा इंजिनिअर वॉर्डात आलाच, तर चहा पाजून त्याची बोळवण करा.

खरं कसब चर बुजवण्यात आहे. १५-२० सेंटिमीटरचे थर देत, प्रत्येक थरावर पाणी मारून दुरमुस केला तर भराव घट्ट बसतो. असलं पाप करू नका. जेसीबीनं एकदाच सगळं आत ढकलून द्या. मुरूम तर आणूच नका, खोदताना निघालेली काळी मातीच परत टाका. पिकाला ही माती कधी दगा देईल, पण खड्ड्याला देत नाही. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या सरीला चर खचतो, मग कडेचं डांबर खाली आधार नसल्यानं तुकड्या-तुकड्यानं आत पडतं. चर हातभर होता, त्याचा खड्डा परातीएवढा होतो.

खड्डा बुजवायची वेळ आलीच, तर कडा चौकोनी, उभ्या कापायच्या नाहीत. तळाची सैल खडी काढायची नाही, धूळ झाडायची नाही, पातळ डांबराचा हात मारायचा नाही. म्हणजे नवा डांबर-खडीचा माल जुन्याला धरत नाही. हा माल प्लँटवरून १५० अंशांच्या आसपास निघतो. ९० च्या खाली गेला की रोलर नुसता वरून फिरतो, आत पोकळ्या राहतात आणि पाणी तिथं मुक्कामाला येतं. म्हणून ट्रक ताडपत्री न टाकता निघावा आणि वाटेत टपरीवर थांबावा. साचलेल्या पाण्यातच माल ओतला, तर रोलरचाही खर्च वाचतो. फावड्याची पाठ पुरते.

रहिवाशांनीही हातभार लावायचा आहे. डांबरी रस्त्याला मधून कडेकडं दोन-अडीच टक्के उतार लागतो. ३ मीटरला साधारण साडेसात सेंटिमीटर. तो असला तरी घाबरू नका. गेटसमोर गाडी चढवायला सिमेंटचा रॅम्प थेट नालीवर टाका, खाली पाइपसुद्धा ठेवू नका. उताराचं पाणी तुमच्या दारातच तुंबेल. नळाला आठवड्यानं पाणी आलं की गाडी रस्त्यावर धुवा. जायकवाडीचं पाणी इतक्या लांबून आणायचं ते कशासाठी?

गतिरोधकासाठी परवानगी मागत बसू नका. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, वर पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी फलक. एवढ्या सिमेंटमध्ये आपले चार होतात! वीतभर रुंद, तेवढाच उंच, रंग नको. रात्री आवाज आला की समजायचं, पाहुणे आले.

चौकातल्या सिग्नलची चिंता सोडा, पिवळा लुकलुकतोय तेवढं पुरे. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात, तुमचे तर तीनच.

आता तक्रार. ती फक्त कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. वॉर्ड ऑफिसात लेखी देऊन आवक नंबर घेतला की प्रकरण हाताबाहेर जातं. आणखी एक धोका म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लावलेला कामाचा फलक. त्यावर रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या काळात रस्ता उखडला, तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करायचा असतो. कुणी तो वाचायच्या आत त्यावर भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बांधून टाका. खांब मजबूत आहे, कालावधी संपेपर्यंत सहज तग धरेल.