फ्रुक्टोज, फॉर्मॅलिन आणि माझी एक चूक

नमस्कार,

अल्डिहाइड आणि कीटोनांच्या अभिक्रिया आणि उपयोगांवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की तुमचं बरंचसं म्हणणं बरोबर आहे आणि राग त्याचाच आला होता. इतरांसाठी तुमचे तीन आक्षेप थोडक्यात सांगतो. अल्डिहाइड आणि कीटोन ओळखायच्या चाचण्या मी चुकीच्या सांगितल्या. (दोन्हींत कार्बोनिल, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन असतो; अल्डिहाइडात तो साखळीच्या टोकाला, कीटोनात मधे.) उपयोगांची नुसती यादी दिली, तिचा वर दिलेल्या अभिक्रियांशी संबंधच दाखवला नाही. आणि फॉर्मल्डिहाइडचं कौतुक केलं, ते घातक आहे हे मात्र कुठेच लिहिलं नाही.

चाचण्यांमधली एक चूक सरळसरळ माझी. ‘टॉलेन्स आणि फेहलिंग या दोन्ही चाचण्या सगळ्या अल्डिहाइडांना लागू पडतात’ असं मी लिहिलं होतं. टॉलेन्सच्या चाचणीत अल्डिहाइडामुळे नळीच्या आत चांदीचा आरसा बसतो, फेहलिंगच्या चाचणीत निळ्या द्रावणात लाल गाळ येतो. बेंझाल्डिहाइड टॉलेन्सच्या द्रावणातून चांदी काढतं, पण फेहलिंगचं निळं द्रावण त्याच्यासमोर निळंच राहतं. ते वाक्य गेलं.

फ्रुक्टोजच्या बाबतीत मात्र तुमच्याशी थोडं भांडणार आहे. लेखातला नियम होता, अल्डिहाइड आरसा देतं, कीटोन देत नाही. तुम्ही म्हणता, ‘फ्रुक्टोज कीटोन आहे, तरी चांदीचा आरसा देतं, म्हणजे नियमच खोटा.’ निरीक्षण खरं, निष्कर्ष घाईचा. फ्रुक्टोजमध्ये कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे आणि टॉलेन्सचं द्रावण अल्कधर्मी आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो आणि एनडायॉल (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट असलेला रेणू) बनतं. ते स्वतःच सहज ऑक्सिडीकृत होतं. शिवाय त्यातून परत कार्बोनिल बनताना तो पहिल्या कार्बनवर बनला, तर हाती ग्लुकोज किंवा मॅनोज येतं, म्हणजे अल्डिहाइडच. हे सगळं अल्क घडवून आणतं, याचा पुरावा हवा असेल तर ब्रोमीनचं पाणी घ्या. ते अल्कधर्मी नसतं. त्यात ग्लुकोज ऑक्सिडीकृत होतं आणि फ्रुक्टोज तसंच राहतं. अ‍ॅसिटोनकडे तो शेजारचा हायड्रॉक्सिल गटच नाही, त्यामुळे टॉलेन्सच्या द्रावणात त्याच्याकडून आरसा मिळत नाही. नियम मोडत नाही, पण मी ‘कीटोन’ लिहिलं तिथे ‘साधे कीटोन’ लिहायला हवं होतं, हे मान्य.

(जाता जाता, कोणी हा प्रयोग करणार असेल तर नळी आतून अगदी स्वच्छ हवी. थोडा जरी तेलकटपणा असला तरी आरशाऐवजी काळपट गाळ मिळतो. माझे पहिले दोन आरसे असेच गाळात गेले. आणि उरलेलं द्रावण ठेवून देऊ नका, लगेच आम्ल घालून निकामी करा. शिळ्या द्रावणात स्फोटक पदार्थ तयार होतात.)

आता यादीबद्दल. इथे तुमचा बाण वर्मी लागला. वर अभिक्रिया, खाली उपयोग आणि मधे कोरी जागा, असाच तो लेख होता. ती जागा आता एकाच अभिक्रियेने भरून बघतो.

कार्बोनिलमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कार्बन किंचित धनभारित राहतो. अमाइन या नायट्रोजनयुक्त गटातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. नायट्रोजन त्या कार्बनला चिकटतो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. याला शिफ बेस म्हणतात. प्रथिनांमध्ये अमाइन गट जागोजागी असतात, म्हणून ही अभिक्रिया प्रयोगशाळेतच नाही, शरीरातही घडत असते.

तुम्ही ही ओळ वाचताय तीसुद्धा तिच्याच जोरावर. दृष्टिपटलातलं रेटिनल हे अल्डिहाइड ऑप्सिन प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाशी शिफ बेसने जोडलेलं असतं. प्रकाश पडला की वाकडं रेटिनल सरळ होतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. मग पाणी तो बंध तोडतं, रेटिनल सुटतं आणि पुन्हा वाकडं होऊन परत येतं. या कामासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. डोळ्याचं सगळं गणित या अभिक्रियेच्या उलट फिरण्यावर चालतं.

मधुमेहाच्या एचबीए१सी तपासणीत (हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं ते ती मोजते) नेमकं याच्या विरुद्ध आहे. रक्तातलं ग्लुकोज बहुतेक सगळं वलयरूपात असतं, उघड्या साखळीचं अल्डिहाइड अगदी नगण्य. तरीही ते कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय हिमोग्लोबिनच्या टोकाच्या अमाइनला चिकटत राहतं. सुरुवातीचा शिफ बेस सुटूही शकतो, पण पुढे अमाडोरी पुनर्रचना (बंधांची जास्त स्थिर रूपात फेरमांडणी) झाली की परतीची वाट जवळजवळ बंद. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीत दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. उन्हात न जाता त्वचा गडद करणाऱ्या लोशनमधलं डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन हेच काम त्वचेच्या वरच्या मृत थरावर करतं.

आणि इथूनच तुमच्या तिसऱ्या आक्षेपाकडे जाता येतं. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात सुमारे ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड. बाटलीत त्याचं बहुवारिक (पॉलिमर) होऊन गाळ बसू नये म्हणून थोडं मिथेनॉलही घातलेलं असतं. त्याचा एकुलता कार्बन एका प्रथिनातल्या नायट्रोजनला धरतो, मग दुसऱ्यालाही, आणि दोघांत पूल बांधतो. असे असंख्य पूल बांधले गेले की विकर थांबतात, जिवाणू मरतात आणि ऊती आहे त्या आकारात टिकते. जिवंत माणसाच्या पेशींत तोच रेणू शिरला तर तिथेही तेच करणार, डीएनएलाही सोडणार नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ साली त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. हे मी लिहायलाच हवं होतं. पण ‘असा पदार्थ उपयोगांच्या यादीत नकोच’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. ज्या कारणाने तो टिकवतो त्याच कारणाने तो घात करतो; एक बाजू झाकली तर दुसरी समजणार नाही.

प्लायवुडचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. त्याचे थर चिकटवणाऱ्या युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधले बंध ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू मागे फिरतात, म्हणून नव्या कपाटाचा वास नाकाला झोंबतो. १९०७ च्या बेकलंड यांच्या बेकेलाइट या प्लास्टिकमध्ये फॉर्मल्डिहाइडचा कार्बन फिनॉलच्या कार्बनशी जोडलेला असतो. तो बंध पाण्याला दाद देत नाही, म्हणून फिनॉलवाल्या रेझिनमधून वायू बराच कमी सुटतो.

‘प्रत्येक उपयोगामागे अभिक्रिया दाखवा’ असंही तुम्ही लिहिलंय. ते मी करणार नाही, कारण अ‍ॅसिटोनच आडवं येतं. ते नखांवरचा रंग विरघळवतं, त्याच्याशी काहीही अभिक्रिया न करता. पाण्यातही मिसळतं, तेलातही, ५६ अंशांना उकळतं आणि काम झालं की उडून जातं. दोन मिथिल गटांनी अडवलेला कार्बोनिल फॉर्मल्डिहाइडच्या मानाने सुस्त असतो, आणि इथे तोच त्याचा गुण.

लेखात बेंझाल्डिहाइड आणि फ्रुक्टोजची दुरुस्ती आज केली आहे, फॉर्मल्डिहाइडचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे. यादी काढून टाकली. अ‍ॅसिटोन तेवढं ठेवलं.