खुलासा: ‘९९०० एमएएच’च्या टॉर्चबद्दल

‘सेलवर ९९०० एमएएच आणि खोक्यावर १ लाख ल्युमेन असेल तोच टॉर्च घ्या’ असा मेसेज फिरतोय. (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज साठतो याचे माप, ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप.) तो चुकीचा आहे. अशा टॉर्चमधला चार्ज होणारा १८६५० सेल म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. त्यात चांगल्या कंपन्यांचेही साधारण ३५०० एमएएचच मावतात. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० ग्रॅमच्या आत असेल तर छापलेला आकडा खोटा समजा. वजन किराणा दुकानातल्या काट्यावरही कळेल. ३५०० एमएएच म्हणजे सुमारे १२.६ वॉट-तास वीज (१२.६ वॉटचा दिवा तासभर चालेल इतकी). वॉटमागे १०० ल्युमेन धरले तर १००० ल्युमेनचा उजेड जेमतेम सव्वा तास. १ लाखाला १००० वॉट लागतील! सेल बदलता येतो का, हे मात्र जरूर बघा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.